खिशातला सूचनाफलक

(छत्रपती संभाजीनगर येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या वर्गात माझ्याकडे सोपवलेला विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मला दिसल्या. 'कंपन्या आणि समाजमाध्यमे' हा आपल्या शिबिरांतला नेहमीचा विषय नाही. महागाई, कंत्राटी पद्धत, खासगीकरण असे प्रश्न आ वासून उभे असताना फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर तासभर बोलण्याचे प्रयोजन काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून उत्तर आरंभीच देतो. कामगाराचा दिवस कोठे संपतो आणि मालकाचा हुकूम कोठे थांबतो, हा कामगार चळवळीचा सर्वांत जुना प्रश्न. पिढ्यान्‌पिढ्या लढून आपण त्याचे जे उत्तर मिळवले, ते आज कामगाराच्याच खिशातल्या फोनवरून पुसले जात आहे. त्याचा गाजावाजा होत नाही, म्हणूनच त्याची चर्चा व्हायला हवी.

प्रथम आपल्या शहराकडे पाहू. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत जुनी. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे विणले गेले. पुढे शेंद्रा आले. आता 'ऑरिक' या नावाने शेंद्रा आणि बिडकीन येथे नव्या उद्योगनगरीचा पसारा मांडला जात आहे. या विस्तारात कायम कामगार आकसत गेला आणि कंत्राटदाराच्या वहीतला कामगार वाढत गेला, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. गेल्या काही वर्षांत ती वहीही मागे पडू लागली आहे. तिची जागा फोनवरच्या ग्रुपने घेतली आहे.

रांजणगाव शेणपुंजीत किंवा जोगेश्वरीत चौघे-पाचजण मिळून भाड्याने राहतात अशा एखाद्या खोलीत रात्री दहाच्या सुमारास जाऊन बसा. कोणी स्वयंपाक करीत असतो, कोणी गावाकडे बायकोशी बोलत असतो. इतक्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजतात. सुपरवायझरचा संदेश असतो : 'उद्या दुसरी पाळी नाही. सर्वांनी पहिल्या पाळीला यावे.' ज्याचा रिचार्ज संपला, ज्याच्या फोनची बॅटरी उतरली, किंवा जो दिवसभराच्या श्रमाने आधीच झोपी गेला, त्याचा दुसऱ्या दिवशी खाडा. कधी संदेश उलटा येतो : 'उद्या लाइन बंद, कोणी येऊ नये.' मग त्या दिवसाची मजुरी बुडाली. दाद मागायला जावे तर उत्तर तयार असते : 'ग्रुपवर टाकले होते.' साथींनो, हे तीन शब्द आज आपल्या औद्योगिक वसाहतींत कायद्याच्या कलमासारखे वापरले जात आहेत.

यातली विसंगती पाहा. अनेक कारखान्यांत कामगाराला फोन आत नेता येत नाही. गेटवर ठेवावा लागतो. कारण सुरक्षिततेचे सांगितले जाते आणि काही ठिकाणी ते खरेही असते. पण कारखान्याच्या दारात जो फोन गुन्हा ठरतो, तोच घराच्या दारात कर्तव्य ठरतो. तो फोन कामगाराने स्वतःच्या पैशाने घेतलेला असतो आणि त्याचा रिचार्जही तोच भरतो. जुन्या गिरणीमालकाने निदान भोंगा तरी स्वतःच्या खर्चाने बसवला होता. आजच्या कामगाराला मालकाचा भोंगा पदरमोड करून विकत घ्यावा लागतो आणि रात्री उशाशी ठेवून निजावे लागते.

आता कोणी म्हणेल की निरोप फलकावर लावला काय आणि फोनवर धाडला काय, फरक तो कोणता? निरोप लवकर पोहोचला तर कामगाराचीच सोय नाही का? हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

कारखान्याच्या दाराशी असलेला सूचनाफलक मालकाने मेहरबानी म्हणून लावलेला नव्हता. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने असे ठरवले की नोकरीच्या अटी लेखी असाव्यात आणि त्या बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ, खास फलकावर लावलेल्या असाव्यात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कामाच्या वेळांचे पत्रक लावणे बंधनकारक केले. त्यात बदल करायचा तर आधी कारखाना निरीक्षकाला कळवावे लागे. आणि एकदा बदल केल्यावर आठवडा उलटल्याखेरीज त्याच्या परवानगीवाचून दुसरा बदल करता येत नसे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने तर पाळीपद्धती किंवा कामाचे तास यांसारख्या अटी बदलण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस मागितली होती. या तरतुदींचा सर्वत्र काटेकोर अंमल झाला असा दावा मी करणार नाही. परंतु त्यांच्यामागचा विचार स्पष्ट होता : कामगाराचे आयुष्य हे मालकाच्या रोजच्या लहरीवर टांगलेले नसावे.

फलकाचे आणखी एक वैशिष्ट्य होते. तो सर्वजण एकत्र उभे राहून वाचत. नोटीस वाचताना शेजारच्याकडे पाहिले जाई, कुजबुज होई आणि त्या कुजबुजीतून कित्येक युनियनांचा जन्म झाला. फोनवरची नोटीस प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात एकटा वाचतो. फलकावरचा कागद निरीक्षकाला दाखवता येई, न्यायालयापुढे ठेवता येई. ग्रुपवरचा संदेश 'सर्वांसाठी हटवा' हे बटन दाबले की नाहीसा होतो. तशी सोय व्हॉट्सॲपने २०१७ पासून करून ठेवली आहे. आणि ग्रुपवर कोणी बोलावे, कोणी फक्त ऐकावे, कोणाला बाहेर काढावे, हे ॲडमिन ठरवतो. तो ॲडमिन कोण असतो हे मी सांगायला नको.

या संदर्भात एका बदलाकडे आपले लक्ष वेधतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अंमलात आणल्या आणि मी ज्यांचा उल्लेख केला ते तिन्ही कायदे त्यांत विलीन झाले. २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. परंतु स्थायी आदेशांचे प्रकरण आता ३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे. केंद्रीय कायद्यात पूर्वी ही मर्यादा १०० होती. वाळूजच्या गल्लीगल्लीतून सुटे भाग बनवणारे जे कारखाने आहेत, त्यांतल्या किती ठिकाणी ३०० कामगार पटावर असतील, याचा अंदाज प्रत्येकाने मनाशी करावा. तेथे लेखी स्थायी आदेशांची सक्ती उरली नाही. जेथे स्थायी आदेश संपतात, तेथे ग्रुपच्या ॲडमिनचे राज्य सुरू होते. माझ्या आजच्या भाषणाचा मुख्य मुद्दा हाच आहे. तंत्र नवे आहे म्हणून हे घडत नाही. कायद्याने मोकळी सोडलेली जागा त्या तंत्राने व्यापली आहे.

ही जागा आपण कशी मिळवली होती, याचे स्मरण तरुण साथींसाठी करतो. रविवारची सुट्टी आभाळातून पडली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ती मागणी मांडली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची गंगा आणण्यासाठी ज्यांनी याच शहरात १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते होते. त्याच काळातल्या, १९४६ च्या फॅक्टरी दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आज उलटा प्रवास चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ पर्यंत नेण्यास मंजुरी दिली. हे उघड घाव आपल्याला दिसतात, त्यांविरुद्ध आपण निदर्शने करतो. पण पाळी संपल्यानंतर फोनवर जो अर्धा-पाऊण तास जातो, रविवारी दुपारी मालाच्या हिशेबाचे जे फोटो मागितले जातात, त्यांची नोंद कोणत्याच हजेरीपटावर होत नाही. जादा कामाला दुप्पट वेतन हे तत्त्व नव्या संहितेतही कायम आहे. परंतु जे काम काम म्हणून मोजलेच जात नाही, त्याला दुप्पट काय आणि एकपट काय?

हे झाले कारखान्याचे. पांढरपेशा नोकरदारांच्या जगात हीच गोष्ट अधिक गोंडस नावाने आली. तेथे तिला 'अंतर्गत सहकार्य' म्हणतात. सहकार हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. म्हणूनच त्याचा असा वापर कानाला खटकतो. कल्पना अशी मांडली गेली की कार्यालयातली उतरंड मोडेल, कनिष्ठ कारकून थेट व्यवस्थापकीय संचालकाला लिहू शकेल. फेसबुकने २०१६ साली 'वर्कप्लेस' नावाची खास सेवा कंपन्यांसाठी काढली. दूरदूरच्या शाखांत विखुरलेल्या लोकांना एकमेकांची कामे कळली, कागदी घोडे कमी झाले, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण उतरंड मोडली का? पगार, बढती आणि बडतर्फी यांचे अधिकार जेथे होते तेथेच राहिले. संचालकाच्या संदेशाखाली अंगठा दाखवण्याचे स्वातंत्र्य मात्र सर्वांना मिळाले. पुढे त्या सेवेत कंपनीला पुरेसा रस उरला नाही आणि ३१ ऑगस्ट २०२५ नंतर तीवर नवे काही लिहिता येईनासे झाले. ज्या संस्थांनी आपले वर्षानुवर्षांचे अंतर्गत व्यवहार तेथे मांडले होते, त्यांना बिऱ्हाड उचलावे लागले. मोठमोठ्या कंपन्यादेखील या बाजारात भाडेकरूच आहेत. मग त्यांच्या कामगारांची काय कथा!

आता दुसरी बाजू, विक्रीची. १९८९ साली दूरदर्शनवर 'हमारा बजाज'ची जाहिरात आली तेव्हा कंपनी बोलत होती आणि देश ऐकत होता. समाजमाध्यमांनी गिऱ्हाइकाला उलट बोलण्याची सोय दिली. सदोष माल विकणाऱ्या कंपनीची तक्रार चारचौघांत मांडता येते आणि अब्रूच्या भीतीने तिची दखलही घेतली जाते. हा बदल चांगला आहे. पण त्याच कंपनीतल्या कामगाराने तसेच चारचौघांत लिहिले तर काय होते? गिऱ्हाइकाच्या तक्रारीला तासाभरात 'आम्ही दिलगीर आहोत' असे उत्तर जाते. कामगाराच्या तक्रारीला कारणे दाखवा नोटीस जाते. उलट कंपनीची जाहिरात आपल्या नातेवाइकांत, गावच्या मित्रांत पसरवावी अशी अपेक्षा मात्र त्याच्याकडून धरली जाते. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, फोटो निघतात, 'आमचे कुटुंब' अशा ओळीखाली ते झळकतात. त्या कुटुंबातला कंत्राटी सदस्य फोटोत सापडलाच तर मागच्या रांगेत सापडतो आणि पुढच्या महिन्यात त्याला ब्रेक मिळालेला असतो.

आणि हा सारा व्यवहार ज्या मंडपात चालतो त्याचा मालक तिसराच आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्हींची मालकी असलेल्या मेटा कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न १६४ अब्ज डॉलरच्या वर होते आणि ते जवळजवळ सगळे जाहिरातींतून आले. आपण काय पाहतो, कोठे थांबतो, कोणाशी बोलतो, याच्या नोंदी हा त्या धंद्याचा कच्चा माल. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या कंपनीला २१३ कोटी रुपयांवर दंड केला. मालकाच्या ग्रुपवर राहणे सक्तीचे, म्हणून व्हॉट्सॲप सक्तीचे, म्हणून त्याच्या अटी मान्य करणेही सक्तीचे, अशी ही साखळी आहे.

पण मित्रहो, आपण यंत्रे फोडणाऱ्यांच्या पंथातले नाही. पैठणचा आणि येवल्याचा पैठणी विणकर पिढ्यान्‌पिढ्या व्यापाऱ्याच्या दारात उभा राहिला. आज त्याची मुलगी मागावरच्या पदराचे चित्र इन्स्टाग्रामवर टाकते आणि पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके थेट मागणी नोंदवतात. मधला दलाल हटतो, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र त्याच पडद्यावर यंत्रमागावरची नक्कलही 'पैठणी' म्हणूनच विकली जाते आणि कोणाचे चित्र वर दाखवायचे हे पैसे मोजणाऱ्याच्या बाजूने ठरते. हातमागाच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन आपली खूण, आपली दुकाने, आपले विक्रीचे माध्यम उभारले नाही, तर जुना दलाल जाऊन नवा दलाल येईल. त्याचे तोंडही कधी दिसणार नाही.

याच माध्यमाने अन्यायाला वाचा फोडल्याचे उदाहरणही समोर आहे. २०२४ साली पुण्यात एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेत नोकरीला लागून काही महिनेच झालेल्या २६ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या असह्य ओझ्याबद्दल तिच्या आईने लिहिलेले पत्र समाजमाध्यमांवरून देशभर पोहोचले, तेव्हा कोठे चौकशीची चक्रे हलली. ते कार्यालय २००७ पासून आस्थापना कायद्याखालील नोंदणीविनाच चालू असल्याचे तपासणीत आढळले, असे राज्याच्या कामगार खात्यातून सांगण्यात आले. समाजमाध्यमाने आईचा आक्रोश पोहोचवला, हे खरे. पण निरीक्षक सतरा वर्षे कोठे होता, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. संघटना असती आणि निरीक्षण जिवंत असते, तर तो आक्रोश करण्याची वेळ एका आईवर आली नसती.

जगात इतरत्र याचा विचार झाला आहे. कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आणला. पोर्तुगालने २०२१ साली वेळेबाहेर कर्मचाऱ्याला गाठण्यावर मालकालाच बंदी घातली. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून, नकार अवाजवी नसेल तर, उत्तर न देण्याचा हक्क आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी अशा आशयाचे खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. त्याचे स्वागत करू. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत कायदा बनलेले नाही, हेही विसरू नये. रस्त्यावर मागणी उभी राहिल्याखेरीज सभागृहात हात वर होत नाहीत.

म्हणून प्रत्येक कराराच्या वाटाघाटीत आणि कामगार आयुक्तांना द्यायच्या प्रत्येक निवेदनात पुढील मागण्या घालाव्यात, असे मी सुचवतो. पहिली : पाळी, सुट्टी, शिस्तभंग यांविषयीचा कोणताही निर्णय फलकावर लेखी लागल्याखेरीज लागू धरू नये, फोनवरचा संदेश ही केवळ आठवण समजावी. दुसरी : फोनवरचा संदेश पाहिला नाही, या कारणाने खाडा लावू नये आणि मजुरी कापू नये. तिसरी : वेळेबाहेर फोनवरून करून घेतलेले काम हजेरीपटावर चढवून त्याचे जादा वेतन द्यावे. चौथी : फोन कामासाठी लागत असेल तर त्याचा खर्च व्यवस्थापनाने सोसावा. पाचवी : ग्रुपवर कामगार प्रतिनिधीला बोलण्याचा समान अधिकार असावा आणि त्यावरचे संदेश पुरावा म्हणून जपून ठेवावेत. सहावी, आणि कंत्राटी साथींसाठी सर्वांत महत्त्वाची : हे सारे नियम मुख्य मालकावर बंधनकारक असावेत. एका मालकाच्या पटावर नसलेल्या हमालांनाही मंडळामार्फत हजेरी, वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी देता येतो, हे १९६९ च्या माथाडी कायद्याने याच महाराष्ट्रात सिद्ध केले आहे.

शेवटी थोडे आपल्याविषयी. मालकाकडे बोट दाखवताना आपल्या हातातला फोनही पाहावा. आपल्या शाखेच्या ग्रुपवर दोनशे माणसे असतात आणि बैठकीला अकरा येतात. मोर्चाचे आवाहन पुढे ढकलले की आपले कर्तव्य संपले असे आपल्याला वाटू लागले आहे. एखादा साथी तक्रार घेऊन येतो की मला बैठक कळलीच नाही, तेव्हा आपणही अगदी सुपरवायझरच्या सुरात म्हणतो : 'ग्रुपवर टाकले होते.' निरोपापुरता फोन जरूर वापरा. पण निर्णय समोरासमोर बसून घ्या, आणि तक्रार ऐकायची असेल तर रांजणगावच्या त्या खोलीत जाऊन ऐका. पाळी सुटताना गेटवर उभे राहून हातात पत्रक देणारा कार्यकर्ता आणि ते पत्रक घेणारा कामगार क्षणभर एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात. त्या ओळखीतूनच संघटना बांधली जाते.

पुढच्या रविवारी वाळूजच्या गेटसभांची आखणी करायची आहे. त्याची सूचना मी फोनवर पाठवणार नाही. येथून उठण्यापूर्वी प्रत्येकाने आपली पाळी, आपले गेट आणि आपली वेळ समोरच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.